सहकारी होस्टिंगवर दर तीन महिन्यांनी बंद पडणारे संकेतस्थळ: प्रमाणपत्राचे नूतनीकरण कोठे अडते

सभासदांच्या सहकारी संस्थेने चालवलेल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर, ज्यांची संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना एक तक्रार ठरावीक अंतराने भेटत असते. कोणीतरी कळवते की संकेतस्थळ उघडत नाही, ब्राउझर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असे बजावतो आणि पुढे जाऊ देत नाही. आपण संस्थेच्या तंत्रसमितीकडे तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकतो, त्या आठवड्याची जबाबदारी असलेला एखादा स्वयंसेवक सभासद हाताने प्रमाणपत्राचे (संकेतस्थळाशी होणारी जोडणी सुरक्षित आहे, अशी ब्राउझरला खात्री देणाऱ्या ठरावीक मुदतीच्या डिजिटल फाइलीचे) नूतनीकरण करून देतो, संकेतस्थळ पूर्ववत होते, आभार मानले जातात आणि तिकीट बंद होते. त्यानंतर नव्वद दिवसांनी तोच निरोप पुन्हा येतो. मी ज्या लहानशा संस्थेचे संकेतस्थळ सांभाळते, तिच्या बाबतीत हे लागोपाठ तीन वेळा घडले आणि चौथ्या वेळी मात्र मी ठरवले की तिकीट टाकण्याआधी हे का घडते ते स्वतः पाहायचे.

हा लेख साध्या सभासदासाठी आहे. ज्याच्या हाती सर्व्हरचे सर्वाधिकार नाहीत, फक्त कंट्रोल पॅनेल, आपल्या खात्यातील फाइली आणि आपल्या डोमेनच्या नोंदी आहेत, अशासाठी. एवढ्या अधिकारांतही बहुतेक वेळा मूळ कारण सापडते, कारण बिघाड सहसा प्रमाणपत्रात नसून पॅनेलमध्ये त्या संकेतस्थळासमोर लिहिलेल्या नावांच्या यादीत असतो. ती यादी सुधारली नाही, तर प्रमाणपत्र कितीही वेळा हाताने आणले तरी पुढच्या फेरीला ते पुन्हा अडणारच.

नव्वद दिवसांचे गणित

बहुतेक सहकारी होस्टिंग संस्था लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा प्राधिकरणाची, म्हणजे प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची, मोफत प्रमाणपत्रे वापरतात. डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि तेव्हापासून तिच्या नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत नव्वद दिवसांची राहिली आहे. सर्व्हरवरील आज्ञावली मुदत संपण्याची वाट पाहत बसत नाही. साधारणपणे तीस दिवस उरले की ती नूतनीकरणाचा प्रयत्न सुरू करते आणि अयशस्वी झाल्यास रोज, बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा, पुन्हा प्रयत्न करते. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या दिवशी संकेतस्थळ बंद पडले त्या दिवशी काहीही नवीन बिघडलेले नसते. बिघाड निदान महिनाभर जुना असतो आणि त्या महिन्यात नूतनीकरणाचा प्रत्येक प्रयत्न गुपचूप फसलेला असतो. म्हणून ‘काल तर व्यवस्थित चालू होते, रात्रीत कोणी काय बदलले?’ हा प्रश्न, जो आपण सगळे पहिल्यांदा विचारतो, आपल्याला चुकीच्या दिशेला नेतो. विचारायचे असेल तर असे विचारावे की, गेल्या नूतनीकरणानंतर, म्हणजे गेल्या तीन महिन्यांत, आपण कोणते नाव जोडले, कोणते डोमेन हलवले, कोणते सुरक्षा-प्लगइन बसवले.

पूर्वी मुदत संपत आल्याची सूचना लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेलने येत असे. ४ जून २०२५ पासून त्यांनी ती सेवा बंद केली. फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी सर्व्हरवर ज्या फाइलींमध्ये साठतात त्या सर्वाधिकार असलेल्या व्यक्तीलाच वाचता येतात, सभासदाला नाही. त्यामुळे संस्थेने स्वतः काही व्यवस्था केली नसेल, तर सभासदाला पहिली खबर मिळते ती थेट ब्राउझरच्या इशाऱ्याच्या पानावरूनच.

आधी इशारा नीट वाचा

ब्राउझरचे ते पान घाईने बंद करू नये. त्यावर ‘प्रगत’ किंवा तशाच नावाचे बटण असते, ते दाबले की खरे कारण दिसते. तेथे ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ अशी अक्षरे असतील तर मुदत संपली आहे. ‘सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड’ असे असेल तर प्रमाणपत्र चालू आहे, पण त्यावर आपण उघडू पाहत असलेले नाव नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि तिकिटात नेमके कोणते आहे हे लिहिले, तरी पाहणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो. मुदत संपल्याचा इशारा फक्त एकाच यंत्रावर दिसत असेल, तर आधी त्या यंत्रावरील तारीख आणि वेळ तपासावी.

नावाच्या बाबतीत शेअर्ड होस्टिंगवर एक गोष्ट घडते, जी पाहून नवे सभासद घाबरून जातात. प्रमाणपत्राचा तपशील उघडला तर त्यात भलत्याच सभासद-संस्थेचे नाव दिसते आणि आपले संकेतस्थळ कोणी बळकावले की काय, अशी शंका येते. तसे काही नसते. एकाच आयपी पत्त्यावर पुष्कळ संकेतस्थळे राहतात. ब्राउझर जोडणी सुरू करतानाच आपल्याला कोणते नाव हवे आहे ते सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर त्या नावाचे प्रमाणपत्र काढून देतो. त्या नावासाठी काहीच मांडून ठेवलेले नसेल, तर सर्व्हर आपल्या यादीतील पहिल्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र पुढे करतो. पहिला क्रमांक कोणाचा हे बऱ्याचदा केवळ अक्षरानुक्रमावर ठरते. तेव्हा शेजारच्या सभासदाचे नाव दिसणे याचा अर्थ एवढाच की, आपण टाइप केलेल्या नावाची, उदाहरणार्थ सुरुवातीला तीन डब्ल्यू असलेल्या रूपाची, सर्व्हरकडे नोंदच नाही किंवा ती सुरक्षित जोडणीसाठी चालू केलेली नाही. त्या शेजारी संस्थेला कळवण्याची, तिच्यावर संशय घेण्याची काही गरज नसते.

नवे प्रमाणपत्र आले आहे, पण लावले नाही

यादीकडे वळण्यापूर्वी एक तपासणी करून घ्यावी, कारण तिला दोनच मिनिटे लागतात आणि तिच्यामुळे कधी कधी पुढचा सगळा शोध टळतो. लेट्स एन्क्रिप्ट देत असलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये चढते. ‘सीआरटी डॉट एसएच’ या संकेतस्थळावर आपले डोमेन टाकले की आजवर त्या नावाने निघालेली सर्व प्रमाणपत्रे त्यांच्या तारखांसह दिसतात. तेथे गेल्या तीस दिवसांतील नवे, यादीतील सर्व नावे असलेले प्रमाणपत्र दिसत असेल आणि ब्राउझर मात्र जुनेच दाखवत असेल, तर नूतनीकरण यशस्वी झाले आहे. वेब सर्व्हरने नवी फाइल पुन्हा वाचलेली नाही, एवढेच. हे सभासदाला दुरुस्त करता येत नाही. तिकिटात ‘नवे प्रमाणपत्र अमुक तारखेला निघाले आहे, परंतु सर्व्हर अद्याप जुने देत आहे, कृपया वेब सर्व्हर रीलोड करावा’ असे लिहिले की काम मिनिटभराचे उरते.

नोंदवहीत नवे प्रमाणपत्र नसेल, तर प्रयत्न फसत आहेत. तेथे आणखी एक खूण शोधावी. मागील प्रमाणपत्रांवर कोणकोणती नावे होती ते एकेक उघडून पाहावे. आमच्या बाबतीत मला याच ठिकाणी पहिला धागा सापडला. हाताने काढून दिलेल्या तिन्ही प्रमाणपत्रांवर दोनच नावे होती, मुख्य डोमेन आणि त्याचे तीन डब्ल्यू असलेले रूप; पॅनेलमधील यादीत मात्र तीन नावे होती. स्वयंसेवक दर वेळी अडणारे तिसरे नाव बाजूला ठेवून उरलेल्या दोहोंचे प्रमाणपत्र मिळवत होता, कारण त्या क्षणी मुख्य संकेतस्थळ सुरू होणे महत्त्वाचे होते आणि त्याचे ते करणे बरोबरच होते. पण पॅनेल पुढच्या वेळी पुन्हा आपली यादी वाचते, तिन्ही नावे मागते आणि पुन्हा अडते. दर वेळी वेगळा स्वयंसेवक असल्यामुळे हे तीनदा घडले आहे, ही गोष्ट कोणा एकाच्या नजरेत आली नाही. ती यायला हवी होती माझ्या, कारण तिन्ही तिकिटे माझीच होती.

एक नाव अडले की सगळी अडतात

एका प्रमाणपत्रात अनेक नावे असू शकतात, परंतु प्राधिकरण त्यातील प्रत्येक नाव स्वतंत्रपणे तपासते. चार नावांपैकी तीन उत्तीर्ण झाली आणि एक नापास झाले, तर तिघांपुरते प्रमाणपत्र मिळत नाही. संपूर्ण मागणी नाकारली जाते. म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमासाठी घेतलेले आणि नंतर नूतनीकरण न केलेले एखादे डोमेन, कोणी चाचणीसाठी काढलेले उपडोमेन, किंवा दुसऱ्या सेवेकडे हलवलेले दुकानाचे पान, यांपैकी एकही नाव यादीत शिल्लक असेल तर ते मुख्य संकेतस्थळाला आपल्याबरोबर खाली ओढते.

पॅनेलमध्ये आपल्या संकेतस्थळाची मांडणी उघडावी आणि तेथील नावांची यादी कागदावर उतरवून घ्यावी. कागदावरच म्हणते, कारण पुढे प्रत्येक नावासमोर चार गोष्टी लिहायच्या आहेत आणि पडद्यावर पाहून ‘ही बरोबरच असणार’ म्हणत पुढे सरकण्याचा मोह होतो. पहिली गोष्ट, हे नाव अजून आपल्या मालकीचे आहे का आणि त्याची नोंदणी कधी संपते. दुसरी, त्याची ए नोंद (हे नाव कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी डोमेनची नोंद) कोणत्या पत्त्याकडे जाते. तिसरी, त्याला चार ए असलेली नोंद (तिच्याविषयी पुढच्या भागात) आहे का आणि ती कोठे जाते. चौथी, हे नाव आपल्याला खरोखर हवे आहे का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीच्या तिन्हींचा शोध न घेता ते नाव यादीतून काढून टाकावे. जुनी नावे भावनेपोटी ठेवली जातात, हे मी पाहिले आहे. पण ज्या नावाकडे कोणी फिरकत नाही त्याच्यासाठी मुख्य दार बंद पडू देणे योग्य नाही.

सहकारी संस्थेचा सर्व्हर आपल्याला कोणत्या पत्त्यावर अपेक्षित आहे ते संस्थेच्या मदत-पानावर किंवा पॅनेलमध्येच दिलेले असते. संस्था अधूनमधून सभासदांची संकेतस्थळे एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवते आणि ज्यांचे डोमेन व्यवस्थापन बाहेरच्या नोंदणीदाराकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे, आहे, त्यांना नवा पत्ता स्वतः भरावा लागतो. असे स्थलांतर झाल्याचा निरोप जुन्या ईमेलमध्ये पडून राहिला आहे का, तेही पाहावे.

सगळ्यात जास्त चकवणारी नोंद

आयपी पत्ते दोन पिढ्यांचे आहेत. ए नोंद जुन्या पिढीचा, म्हणजे आयपीव्ही ४ चा पत्ता सांगते. चार ए असलेली नोंद, जिला क्वाड-ए म्हणतात, ती आयपीव्ही ६ चा. होस्टिंग बदलताना आपण ए नोंद आठवणीने बदलतो. क्वाड-ए नोंद मात्र बहुधा आधीच्या होस्टिंग कंपनीने स्वतःच भरलेली असते, आपण ती कधी हाताळलेली नसते, म्हणून ती तशीच मागे राहते.

आता तपासणी कशी होते ते पाहू. एखाद्या नावाला दोन्ही नोंदी असतील, तर लेट्स एन्क्रिप्टचा सर्व्हर आयपीव्ही ६ चा पत्ता आधी वापरतो. त्या पत्त्यावर कोणीच उत्तर दिले नाही, जोडणीच झाली नाही, तर तो आयपीव्ही ४ कडे वळून पुन्हा प्रयत्न करतो. पण तेथे दुसरा एखादा सर्व्हर जागा असेल आणि त्याने ‘असे पान येथे नाही’ असे उत्तर दिले, तर ते उत्तरच धरले जाते आणि तपासणी नापास होते. जुन्या होस्टिंग कंपनीचा सर्व्हर अर्थातच जागा असतो आणि अर्थातच त्याच्याकडे ते पान नसते.

आमचे तिसरे नाव वार्षिक संमेलनाच्या जुन्या कागदपत्रांसाठी ठेवलेले उपडोमेन होते. ते साध्या एचटीटीपीवर, म्हणजे प्रमाणपत्र न लागणाऱ्या असुरक्षित जोडणीवर, उघडत असे आणि महिन्याकाठी मोजक्याच लोकांना लागत असे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी मला वरचेवर सांगत की, मोबाइल डेटावरून ते पान उघडले की भलतेच काही दिसते, घरच्या वायफायवरून मात्र नीट दिसते. मी त्यांना प्रत्येक वेळी कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी पाने, साफ करायला सांगत राहिले. त्यांच्या वायफायला आयपीव्ही ६ नव्हते आणि मोबाइल जोडणीला होते. ते मला दोषाचे नेमके स्थान सांगत होते आणि मी ऐकत नव्हते. नोंदणीदाराच्या पानावर खाली सरकत गेल्यावर, लांबलचक टीएक्सटी नोंदींच्या खाली, त्या उपडोमेनची क्वाड-ए नोंद सापडली. पत्ता जुन्या कंपनीचा होता. माझ्या घरच्या जोडणीलाही आयपीव्ही ६ नसल्यामुळे मला स्वतःला कधीच काही वेगळे दिसले नव्हते.

ही तपासणी करण्यासाठी ‘डिग’ हा आदेश येत असेल तर उत्तम. नाव आणि नोंदीचा प्रकार सांगितला की तो पत्ता छापून देतो. आदेश वापरण्याची सवय नसेल तर डोमेनच्या या नोंदी (डीएनएस नोंदी) दाखवणारी अनेक संकेतस्थळे आहेत, त्यांत प्रकार म्हणून क्वाड-ए निवडावा. सहकारी संस्थेचा सर्व्हर आयपीव्ही ६ वर उत्तर देत असेल तर तेथील योग्य पत्ता भरावा, देत नसेल तर नोंद पूर्ण काढून टाकावी. चुकीच्या नोंदीपेक्षा नसलेली नोंद बरी.

पत्ता बरोबर आहे, तरी दार उघडत नाही

तपासणीची नेहमीची पद्धत अशी असते: सर्व्हरवरील आज्ञावली ‘डॉट वेल-नोन’ या फोल्डरात ‘ॲक्मे-चॅलेंज’ नावाच्या उपफोल्डरात एक छोटी फाइल ठेवते आणि प्राधिकरण ती फाइल बाहेरून, पोर्ट ८० वरून, मागवून पाहते. म्हणजे साधे एचटीटीपीचे दार उघडे असावे लागते. ‘आता सगळे सुरक्षितच हवे’ म्हणून कोणी पोर्ट ८० वरची उत्तरेच बंद केली, तर सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही मिळेनासे होते. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे पुनर्निर्देशन केलेले असेल तर मात्र काही बिघडत नाही. प्राधिकरण दहापर्यंत पुनर्निर्देशने स्वीकारते आणि त्या वाटेवर भेटलेले प्रमाणपत्र मुदतबाह्य असले तरी त्याची हरकत घेत नाही. त्यामुळे मुदत संपल्यावर घाईघाईने पुनर्निर्देशन काढून टाकण्याचा जो सल्ला दिला जातो, तो निदान या कारणासाठी तरी अनावश्यक आहे.

सभासदाच्या बाजूने हे दार दोन-तीन प्रकारे बंद होते. टिंबाने सुरू होणाऱ्या सर्व फाइली आणि फोल्डर बाहेरच्यांना नाकारण्याचा नियम काही सुरक्षा-प्लगइन एचटीॲक्सेस या, खात्याचे प्रवेश-नियम ठेवणाऱ्या, फाइलमध्ये लिहितात. हेतू चांगला असतो, पण त्यात वेल-नोन फोल्डरही सापडतो. नवे रूप तयार होईपर्यंत संपूर्ण संकेतस्थळाला पासवर्ड लावला असेल, तर तपासणारा सर्व्हर पासवर्ड देऊ शकत नाही. ठरावीक देशांबाहेरच्या भेटी अडवल्या असतील तर तेही नडते, कारण २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जगातील वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासणी करते.

पडताळणीसाठी त्या फोल्डरात स्वतः एक छोटी मजकूर-फाइल ठेवावी आणि ती यादीतील प्रत्येक नावाने, एचटीटीपी वापरून, उघडून पाहावी. प्रवेश नाकारल्याचा ४०३ किंवा पासवर्ड मागणारा ४०१ क्रमांक आला तर कारण वर सांगितल्यापैकीच आहे. ४०४ आला तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. पुष्कळ संस्था सर्व सभासदांसाठी हा फोल्डर एकाच सामायिक जागी ठेवतात, आणि मग आपण आपल्या खात्यात ठेवलेली फाइल बाहेरून दिसणारच नसते. आपल्या संस्थेत कोणती पद्धत आहे ते तंत्रसमितीला विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे.

क्वचित आढळणारी आणखी दोन कारणे थोडक्यात सांगते. डोमेनला सीएए नोंद असू शकते. कोणत्या प्राधिकरणाने या नावाचे प्रमाणपत्र द्यावे हे ती ठरवते आणि सप्टेंबर २०१७ पासून सर्व प्राधिकरणांना ती पाहणे बंधनकारक आहे. आधीच्या कंपनीने तेथे स्वतःच्या प्राधिकरणाचे नाव लिहून ठेवले असेल, तर लेट्स एन्क्रिप्ट नकार देते. दुसरे कारण म्हणजे नेमसर्व्हर बदलल्यावर डीएनएससेकची (डोमेनच्या नोंदी खऱ्या आहेत हे पडताळणाऱ्या व्यवस्थेची) जुनी डीएस नोंद नोंदणीदाराकडे तशीच राहणे. अशा वेळी काही जोडण्यांवर नाव सापडतच नाही.

बटण पुन्हा पुन्हा दाबू नका

काही पॅनेलमध्ये ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे बटण असते. कारण सापडण्यापूर्वी ते दाबत राहणे हानिकारक आहे. एका खात्यातून एका नावाची तपासणी तासाभरात पाच वेळा फसली, की प्राधिकरण त्या नावासाठी काही काळ नवे प्रयत्न स्वीकारत नाही. मग खरी दुरुस्ती केल्यावरही वाट पाहावी लागते. तसेच नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रे मिळतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे सहकारी सर्व्हरवर प्राधिकरणाकडील खाते बहुधा सर्वांचे मिळून एकच असते, आणि एका खात्याला दर तीन तासांत मिळणाऱ्या नव्या मागण्यांनाही, ३०० अशी, मर्यादा आहे. एका सभासदाने ती संपवणे कठीण आहे, पण एकाच सामायिक यंत्रावर सगळ्यांचे काम चालते, हे भान प्रत्येक बटणामागे असावे. जर्मनीतील होस्टशेअरिंग ही संस्था २००० सालापासून सभासदांच्या मालकीचे सर्व्हर चालवत आली आहे. अशा ठिकाणी आपण ग्राहक आणि मालक दोन्ही असतो. ज्याला आपण रात्री अकरा वाजता ‘तातडीचे’ असे लिहितो, तो बऱ्याचदा दिवसभराचे काम आटोपून बसलेला आपल्यासारखाच सभासद असतो.

तिकीट कसे लिहावे

माझे पहिले तिकीट एका ओळीचे होते: ‘संकेतस्थळ बंद आहे, कृपया लवकर पाहावे.’ चौथे, ज्याने हा प्रश्न सुटला, ते साधारण असे होते:

‘नमस्कार. आमच्या मुख्य डोमेनच्या प्रमाणपत्राची मुदत आज संपली. हे लागोपाठ चौथ्यांदा घडत आहे. आधीच्या तिन्ही तिकिटांचे क्रमांक खाली दिले आहेत. पॅनेलच्या यादीत तीन नावे आहेत, परंतु मागील तिन्ही प्रमाणपत्रांवर दोनच होती. संमेलनाच्या उपडोमेनची क्वाड-ए नोंद जुन्या कंपनीकडे जात असल्याचे आढळले. ती आज दुपारी काढली आहे. नोंदीचा टीटीएल एक तासाचा होता. ए नोंद तिन्ही नावांची बरोबर आहे. सीएए नोंद नाही. कृपया हाताने वेगळे प्रमाणपत्र न काढता पॅनेलचेच नूतनीकरण तिन्ही नावांसह एकदा चालवून पाहावे, आणि ते फसल्यास त्रुटीचा मजकूर तिकिटात चिकटवावा. मी पुन्हा प्रयत्न करा हे बटण दाबलेले नाही.’

यातील टीटीएल म्हणजे जुनी नोंद इतरत्र किती वेळ लक्षात ठेवली जाते तो काळ. यातील ‘हाताने वेगळे प्रमाणपत्र न काढता’ ही विनंती आवश्यक आहे. हाताने काढलेले प्रमाणपत्र तात्पुरता आराम देते आणि मूळ दोष नव्वद दिवसांसाठी झाकून टाकते. संकेतस्थळ आणखी काही तास बंद राहणे परवडत असेल, तर ते सोसावे. जे परवडत नसेल त्यांनी हाताचे प्रमाणपत्र जरूर घ्यावे, पण तिकीट बंद होऊ देऊ नये. अनेक संस्थांमध्ये तिकिटे इतर सभासदांनाही वाचता येतात, म्हणून त्यात पासवर्ड लिहू नये. आणि वाचता येतात म्हणूनच, शेवटी नेमके काय सापडले ते आपणच त्याखाली लिहावे.

ज्या तक्रारी या आजाराच्या नव्हेत

ईमेल उघडताना प्रमाणपत्राचा इशारा येत असेल आणि संकेतस्थळ ठीक असेल, तर मेल सर्व्हर म्हणून आपले डोमेन न लिहिता संस्थेने सांगितलेले सर्व्हरचे नाव लिहावे. कुलपाचे चिन्ह दिसत नाही पण इशाऱ्याचे पानही येत नाही, अशा वेळी पानावरील एखादे चित्र जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून येत असू शकते. फक्त एखाद्या फार जुन्या फोनवर अडचण असेल, तर ७.१.१ पूर्वीची अँड्रॉइड आवृत्ती लेट्स एन्क्रिप्टचे सध्याचे मूळ प्रमाणपत्र ओळखत नाही, हे कारण असू शकते.

संस्थेकडे काय मागावे

सभासदाने स्वतःची यादी स्वच्छ ठेवली तरी नूतनीकरण फसल्याची बातमी त्याला वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ती मिळण्याची सोय संस्थाच करू शकते. माझ्या मते सर्वसाधारण सभेत किंवा तंत्रसमितीच्या बैठकीत एवढी एक मागणी मांडण्यासारखी आहे: नूतनीकरण लागोपाठ सात दिवस फसले, तर अडलेल्या नावासह त्रुटीचा मजकूर संबंधित सभासदाच्या नोंदलेल्या ईमेलवर आपोआप जावा. यासाठी मोठे काम लागत नाही. मजकूर सर्व्हरवर आधीच लिहिलेला असतो, तो फक्त योग्य माणसापर्यंत पोहोचत नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये स्वीकारलेल्या सहकाराच्या सात तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व सभासदांचे शिक्षण, प्रशिक्षण आणि माहिती यांविषयी आहे, आणि त्रुटीचा मजकूर सभासदाला दाखवणे ही मला त्या तत्त्वाची अगदी रोजच्या वापरातली अंमलबजावणी वाटते.

हे लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण सर्वच प्रमाणपत्रांच्या मुदती आखडत चालल्या आहेत. प्राधिकरणे आणि ब्राउझर निर्माते यांच्या मंचाने ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाते. आज जी चूक वर्षातून चार वेळा समोर येते ती तेव्हा सात-आठ वेळा येईल.

दुरुस्ती झाली की नाही हे संकेतस्थळ उघडले यावरून ठरवू नये. हाताने काढलेल्या प्रमाणपत्रानेही ते उघडतेच. प्रमाणपत्रावर यादीतील सर्व नावे आहेत का ते लगेच पाहावे आणि त्याच्या प्रारंभाच्या तारखेपासून पासष्टाव्या दिवशी दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. त्या दिवशी ब्राउझरमध्ये प्रमाणपत्राचा तपशील पुन्हा उघडावा. प्रारंभाची तारीख बदललेली असेल तर नूतनीकरण आपोआप झाले. तारीख जुनीच असेल, तर अजून पंचवीस दिवस हाती आहेत आणि नावांचा कागद घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासता येते. आमच्या बाबतीत पासष्टाव्या दिवशी तारीख चार दिवसांपूर्वीची होती आणि नावे तिन्ही होती.